सतरा रुग्णांचं वर्ष: श्रीलंकेतल्या मलेरियाचं प्रकरण

मलेरियावर काम करणाऱ्यांच्या बैठकीत श्रीलंकेचं नाव निघालं की दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एक, २०१६ साली मिळालेलं मलेरियामुक्तीचं प्रमाणपत्र. दुसरी, १९६३ साली अख्ख्या देशात फक्त १७ रुग्ण उरले होते ही. या दोन्हींच्या मध्ये ५३ वर्षं गेली आणि त्या काळात लाखो लोक तापाने फणफणले. ती वर्षं का गेली, ताप कोणत्या भागातून कोणत्या भागात सरकत गेला आणि कोणत्या वळणावर कोणी काय ठरवलं, एवढंच इथे बघायचं आहे. अधिकाऱ्यांची आणि रुग्णांची नावं घेतलेली नाहीत. प्रकरण समजायला ती लागतही नाहीत.

पार्श्वभूमी: एका बेटावरचे दोन देश

पावसाच्या हिशेबाने श्रीलंकेचे दोन देश होतात. नैर्ऋत्येचा कोपरा ओला. कोलंबो, गॉल, रत्नपुरा, केगल्ल हा भाग त्यात येतो आणि तिथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उत्तर, पूर्व आणि मधला मोठा पट्टा कोरडा. तिथली भिस्त ईशान्येच्या पावसावर आणि तो साठवून ठेवणाऱ्या हजारो जुन्या तलावांवर. अनुराधपुर आणि पोलोन्नरुवा या जुन्या राजधान्या याच कोरड्या पट्ट्यातल्या. तेराव्या शतकानंतर हा भाग ओसाड पडत गेला. त्यात मलेरियाचा वाटा किती होता, यावर इतिहासकार अजून भांडतात.

मलेरिया पसरवणारा मुख्य डास अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसिस. आपल्या मध्य भारतातल्या खेड्यापाड्यांतही मुख्य गुन्हेगार हाच. त्याला स्वच्छ, उन्हातलं, थांबलेलं पाणी लागतं. नदी आटू लागली की पात्रात वाळूच्या खळग्यांतून आणि कातळाच्या खाचांतून घोटाभर नितळ पाणी मागे राहतं. तळाचे गोटे दिसतील इतकं नितळ. गावातल्या बाया ज्या पाण्यात कपडे धुतात, पोरं ज्यात डुंबतात, तेच पाणी. अळ्या तिथेच होतात.

आपल्या डोक्यात ‘पाऊस आला की मलेरिया आला’ हे समीकरण पक्कं बसलेलं असतं. लंकेच्या ओल्या भागात ते उलटं आहे. तिथे नद्या भरून वाहत असतात तोवर अळ्या वाहून जातात आणि लोक सुरक्षित राहतात. पावसाने दगा दिला की नदीची साखळी तुटून तिची शेकडो डबकी होतात. कोरड्या भागात मलेरिया कायमचा मुक्कामाला, ओल्या भागात तो दुष्काळात येणारा पाहुणा. हे एवढं लक्षात ठेवलं की पुढचा सगळा नकाशा वाचता येतो.

१९३४ साली हा पाहुणा आला. नैर्ऋत्य मोसमी पाऊस फसला. केलनी, महा ओया आणि देदुरु ओया या नद्यांची पात्रं उघडी पडली आणि वर्ष संपता संपता केगल्ल आणि कुरुनेगल परिसरात घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. १९३५च्या मध्यापर्यंत सुमारे ८० हजार माणसं गेली. तेव्हा बेटाची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास होती. कोरड्या भागातल्या माणसाला लहानपणापासून ताप येऊन येऊन थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते. ओल्या भागातल्या माणसाकडे ती नव्हती. त्यात जागतिक मंदीने रबर आणि नारळाचे भाव कोसळलेले, पोटात पुरेसं अन्न नाही. क्विनाइन हे मलेरियावरचं औषध वाटायला गेलेल्या स्वयंसेवकांच्या लक्षात आलं की आधी जेवण द्यावं लागेल. एन. एम. परेरा या तरुण पुढाऱ्याला गावकऱ्यांनी ‘परिप्पु महात्मया’, म्हणजे डाळवाले साहेब, असं नावच पाडलं. या मदतकार्यातली मंडळी पुढे लंका सम समाज पक्षात दिसतात. तो पक्ष स्थापन झाला १९३५च्या डिसेंबरात.

पुढे १९४५-४६पासून डीडीटी हे कीटकनाशक आलं. घराच्या आतल्या भिंतींवर फवारा मारायचा. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर टेकतो आणि मरतो. १९४६ साली हजारी २० असलेला देशाचा मृत्युदर पुढच्याच वर्षी १४वर आला. यातलं श्रेय डीडीटीचं किती आणि सुधारलेल्या अन्नपुरवठ्याचं व दवाखान्यांचं किती, यावर लोकसंख्येचे अभ्यासक पुढे अनेक वर्षं वाद घालत राहिले. ताप मात्र खरोखरच उतरला.

अडचण: १७चे साडेपाच लाख

१९६३ साली देशभरात १७ रुग्ण सापडले. त्यांतही देशातच लागण झालेले फक्त ६. बाकीचे बाहेरून ताप घेऊन आलेले.

तेव्हा जगभर मलेरिया निर्मूलनाचा एक ठरलेला आराखडा होता. आधी हल्ला, म्हणजे सरसकट फवारणी. मग स्थिरीकरण, म्हणजे फवारणी बंद करून तापाच्या रुग्णांवर नजर. शेवटी देखभाल. लंकेने आराखड्याप्रमाणे फवारणी थांबवली. पुढच्या वर्षांचे रुग्णांचे आकडे असे: १९६४ साली १५०, १९६५ साली ३०८, १९६६ साली ४९९, १९६७ साली ३,४६६.

१९६८ साली ४,४०,६४४.

१९६९ साली आकडा ५ लाख ३७ हजारांवर गेला.

ही रांग मी अनेकदा बघितली आहे आणि दरवेळी माझी नजर १९६६च्या ४९९वर अडते. एक कोटीहून जास्त वस्तीच्या देशात ४९९ म्हणजे काहीच नाही. पण तीन वर्षांत १७चे ४९९ झाले होते. एकूण आकडा लहान होता, वाढीचा वेग मात्र भयंकर होता, आणि वर्षाच्या तक्त्यात वेग सहज दिसत नाही.

त्याच सुमारास कोरड्या पट्ट्याच्या कडेला, एलहेरा भागात, रत्नांच्या खाणी जोरात सुरू झाल्या. खाण म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा. माती उपसायची, धुवायची, चाळायची. हाती काही लागलं नाही की पलीकडे दुसरा खड्डा. जुन्या खड्ड्यात पाणी भरतं आणि ते नितळत जातं. डासाला आणखी काय हवं? नशीब काढायला बेटाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आली. रात्री झावळ्यांच्या उघड्या खोपटांत झोपली. फवारा मारायला भिंतच नाही अशी ती घरं. चार पैसे घेऊन, किंवा नुसताच ताप घेऊन, परत आपापल्या गावी गेली. त्यात १९६७-६८चा पाऊस कमी. ओल्या आणि मधल्या भागातल्या नद्यांची पुन्हा डबकी झाली होती. जंतू माणसाच्या रक्तातून गावी पोहोचला, डास तिथे आधीच तयार होता.

१९६३ साली समोर कोणते पर्याय होते

सरसकट फवारणी चालू ठेवणं हा एक पर्याय. तो महाग होता आणि लोकही कंटाळले होते. दर काही महिन्यांनी भांडीकुंडी अंगणात काढा, भिंतीवर पांढरे डाग पाडून घ्या आणि हे सगळं अशा आजारासाठी जो गावात कोणी वर्षानुवर्षं बघितलेला नाही. वर जिथे फवारणी चालू राहील तिथे डास औषधाला सरावतो, तो धोका वेगळाच.

फवारणी बंद करून रक्ततपासणीवर विसंबणं हा दुसरा. तोच घेतला गेला. कागदावर तो बरोबर होता. पण त्यासाठी तापाच्या प्रत्येक रुग्णाची काचपट्टी, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब, घेतली जायला हवी, ती वेळेत तपासली जायला हवी आणि दूरच्या वस्त्यांवर कर्मचारी खरोखर पोहोचायला हवा. आजार दिसेनासा झाला की पहिली ढिलाई इथेच येते. काचपट्ट्यांचे गठ्ठे साचतात, रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, अनुभवी माणसं दुसऱ्या कामाला लावली जातात. आपल्याकडच्या कोणत्याही जिल्हा हिवताप कार्यालयात काम केलेल्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

तिसरा पर्याय आज मागे वळून बघताना दिसतो, म्हणून त्याबद्दल जपूनच बोललं पाहिजे. फवारणी भागवार काढून घ्यायची. ओल्या भागात आधी. कोरड्या भागातल्या नदीकाठी, खाणींजवळ आणि नव्या वसाहतींत सर्वांत शेवटी. आणि कीटकनाशकाचा साठा व फवारणीची पथकं काही वर्षं राखून ठेवायची. साथ उसळली तेव्हा हा राखीव हातच नव्हता.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा, कारण तो आजही फिरतो: पर्यावरणवाद्यांच्या दबावाने डीडीटी बंद केलं म्हणून लंकेत मलेरिया परतला. तसं झालेलं नाही. फवारणी थांबली ती निर्मूलनाच्या आराखड्यानुसार, रुग्ण संपत आले म्हणून. साथ आल्यावर डीडीटी पुन्हा वापरलं गेलंच. ते पूर्वीसारखं चाललं नाही, कारण १९६९पर्यंत डासांमध्ये त्याला प्रतिकार आल्याचं दिसून आलं. १९७५ ते १९७७च्या दरम्यान त्याची जागा मॅलॅथिऑनने घेतली.

मधली वीस वर्षं

ही वर्षं थोडक्यात उरकतो; चूक तीच, जागा फक्त बदलली. १९७७नंतर महावेली नदीचा प्रचंड प्रकल्प वेगाने राबवला गेला. धरणं, कालवे, आणि कोरड्या भागात नव्याने वसवलेली कुटुंबं. त्यांतली बरीच ओल्या भागातून आलेली, म्हणजे मलेरियाची सवय नसलेली. जमीन मिळाली, पाणी मिळालं, घर मात्र सुरुवातीची वर्षं कुडाचं. १९८७ साली रुग्ण पावणेसात लाखांच्या घरात गेले. १९३४ साली डास माणसांपर्यंत पोहोचला होता. या वेळी सरकारने माणसंच डासापर्यंत नेऊन सोडली.

१९८३पासून उत्तरेत आणि पूर्वेत यादवी युद्ध पेटलं होतं. हळूहळू मलेरियाचा नकाशा आणि युद्धाचा नकाशा एकमेकांवर बसू लागला. १९९९ साली २,६४,५४९ रुग्ण झाले, त्यांत संघर्षग्रस्त जिल्ह्यांचा वाटा मोठा होता. दवाखाने मोडलेले, डॉक्टर पळालेले, विस्थापितांच्या छावण्या आणि जंगलात मुक्काम ठोकलेले दोन्ही बाजूंचे लढवय्ये.

दुसरा निर्णय: युद्ध संपायची वाट बघायची का?

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हा आहे, १९६३चा नव्हे. युद्ध कधी संपेल कोणाला ठाऊक नव्हतं. शांतता झाल्यावर उत्तरेकडे बघू, असं म्हणायला कोणाचीही हरकत नसती. मलेरिया खात्याने वाट बघितली नाही.

सरकारी माणसाला जिथे पाऊल ठेवता येत नव्हतं तिथे सर्वोदयसारख्या संस्था मच्छरदाण्या आणि जनजागृती घेऊन गेल्या. बंडखोरांनीही मलेरियाच्या कामाला विरोध केला नाही. डास त्यांच्याही पोरांना चावत होता. सरसकट फवारणीचा हट्ट सोडून ज्या वस्त्यांत रुग्ण आहेत तिथेच ती होऊ लागली, आणि डास सरावू नयेत म्हणून वेगवेगळ्या वर्गांची कीटकनाशकं आलटून पालटून वापरली गेली. दवाखान्यापासून लांब पडलेल्या वस्त्यांत सूक्ष्मदर्शक आणि तंत्रज्ञ घेऊन फिरते दवाखाने जात. पथक सावलीत टेबल मांडतं. ताप असलेला किंवा नुकताच येऊन गेलेला माणूस पुढे येतो. बोटाला टोचणी, काचपट्टीवर एक जाड थेंब आणि एक पातळ थर. निदान तिथल्या तिथे, गोळ्याही तिथेच. १९६०च्या दशकात काचपट्टी प्रयोगशाळेकडे जायची; आता प्रयोगशाळा काचपट्टीकडे येऊ लागली.

पाण्याचा एक प्रयोगही उल्लेख करण्याजोगा आहे. यान ओया ओढ्याच्या अभ्यासातून असं दिसलं की वरच्या तलावातून सोडायचं पाणी योग्य वेळी सोडलं तर पात्रातली डबकी धुऊन निघतात आणि अळ्या घटतात. पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाने मलेरिया कमी करता येऊ शकतो, ही कल्पना आपल्याकडे अजून फारशी कोणाच्या पचनी पडलेली नाही.

२००१ साली रुग्ण ६६,५२२वर आले. २००३ साली साडेदहा हजार. २००४च्या डिसेंबरात त्सुनामीने किनारा उद्ध्वस्त केला, छावण्या उभ्या राहिल्या. सगळ्यांना साथीची भीती होती, ती आली नाही. २००५ साली १,६४० रुग्ण, २००७ साली दोनशेच्याही आत. आणि युद्ध अजून चालूच होतं.

तिसरं वळण: आकडा हलेना

२००८, २००९ आणि २०१० या तिन्ही वर्षी आकडा पुन्हा साडेपाचशे ते सातशेच्या दरम्यान गेला. ४९९ची आठवण यावी असा हा काळ. या वेळी मात्र प्रश्न वेगळा विचारला गेला: हे पाच-सातशे कोण आहेत?

उत्तर सरळ मिळालं. लहान मुलं आणि गरोदर बायका यांत फारशा उरल्या नव्हत्या. उरले होते मोठे पुरुष: जंगलात तैनात सैनिक, रत्नखाणीतले मजूर आणि ‘चेना’ करणारे शेतकरी. चेना म्हणजे रान जाळून केलेली फिरती शेती, आपल्या कोकणातल्या कुमरीच्या जातीची. पिकाच्या राखणीला हे शेतकरी रात्री मचाणावर असतात. घरी पोहोचवलेल्या मच्छरदाणीचा या कोणालाच उपयोग नव्हता. मग काम माणसामागे गेलं. सैन्याच्या छावण्यांत तपासणी. प्रत्येक रुग्णाची चौकशी: गेल्या काही दिवसांत कुठे झोपला होतास, सोबत कोण होतं? व्हायवॅक्स जातीच्या मलेरियात जंतू यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा उसळतो, म्हणून प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या गोळ्या पुऱ्या होईपर्यंत पाठपुरावा. सातव्या-आठव्या दिवशी माणसाला बरं वाटतं आणि तो गोळ्या टाकून देतो, हा अनुभव सगळीकडचा आहे.

आणि रुग्ण घटत असताना तपासण्या घटवल्या नाहीत. वर्षाला १० लाखांच्या आसपास रक्तनमुने बघितले जात राहिले. शेकडो रुग्णांसाठी १० लाख काचपट्ट्या! वित्त विभागातल्या कोणालाही ही उधळपट्टीच वाटेल. १९६३ आणि २०१० यांतला खरा फरक मला तरी या एका आकड्यात दिसतो.

परिणाम

देशातच लागण झालेला शेवटचा रुग्ण ऑक्टोबर २०१२मध्ये सापडला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका मलेरियामुक्त असल्याचं जाहीर केलं.

त्यानंतरही बाहेरून मलेरिया घेऊन येणारे दरवर्षी सापडतातच. भारतातून आलेले, आफ्रिकेत शांतिसेनेत किंवा रत्नांच्या व्यापारासाठी जाऊन परतलेले. २०१८च्या डिसेंबरात मोनरागल जिल्ह्यात घडी मोडली. भारतातून कामाला आलेल्या एका मजुराच्या अंगात व्हायवॅक्स होता. त्याच्यापासून स्थानिक डासामार्फत एका श्रीलंकन माणसाला लागण झाली. २०१२नंतरची ही पहिलीच. दोघांवर उपचार झाले, आसपासच्या लोकांचं रक्त तपासलं गेलं, डासांचा शोध घेतला गेला आणि साखळी दुसऱ्या कडीशीच तुटली. १९६७ साली अशा किती कड्या न मोजता निसटल्या असतील?

काय वेगळं करता आलं असतं

१९६४ ते १९६७ या चार वर्षांत राष्ट्रीय बेरजेऐवजी गावांची यादी रोज डोळ्यांसमोर असती, तर वाढ कोठून होते आहे हे आधी कळलं असतं. एलहेराला माणसं लोटू लागली तेव्हा तिथे एक सूक्ष्मदर्शक बसवणं ही काही अवघड गोष्ट नव्हती. रत्नांचा परवाना देणारं खातं आणि ताप मोजणारं खातं वेगळं होतं, एवढंच. महावेलीतही तसंच: कुटुंबं हलवायच्या आधी मलेरिया खात्याला विचारलं असतं, तर निदान पहिल्या पावसाळ्यात कुडाच्या घरांत मच्छरदाण्या पोहोचल्या असत्या.

आपण लंकेला नावं ठेवण्याच्या स्थितीत मुळीच नाही. भारतात १९६१ साली नोंदलेले रुग्ण ५० हजारांच्या आसपास होते आणि १९७६ साली ते ६४ लाखांवर गेले. कारणांची यादी जवळपास तीच.

२०१० नंतरच्या कामात मला खोट काढायची तर एकच: सगळी नजर नदीपात्रावर आणि जंगलावर राहिली. २०१६च्या डिसेंबरात, प्रमाणपत्राला चार महिने होत नाहीत तोच, वायव्येच्या मन्नार बेटावर अ‍ॅनॉफिलिस स्टीफन्सी हा डास सापडला. मुंबईत आणि गोव्यात मलेरिया पसरवतो तो हाच. त्याला नदी लागत नाही. गच्चीवरची टाकी, बांधकामावर साठवलेलं पाणी, घरामागची विहीर त्याला पुरते. पणजीत १९८०च्या दशकात मलेरिया शिरला तो बांधकामांच्या आडोशाने, याच डासाच्या पंखांवर. मुंबईत विहिरी आणि टाक्या डासबंद ठेवण्याची सक्ती शंभराहून जास्त वर्षांपासून आहे आणि तरीही मलेरिया दर पावसाळ्यात डोकं वर काढतो.

मन्नारमध्ये जवळजवळ घरटी विहीर आहे. आता तिथले मलेरिया कर्मचारी दोरीला बांधलेलं भांडं विहिरीत सोडतात, वर ओढून उन्हात धरतात आणि पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडव्या पडलेल्या अळ्या दिसतात का ते बघतात. दिसल्या तर औषध किंवा अळ्या खाणारे मासे सोडतात आणि शेजारच्या घराकडे वळतात.